पेशंटला हलवायचे की मशीनला बोलवायचे? एक्मोवरच्या रुग्णाचा प्रवास समजून घेऊ या

"आमच्याकडे जे होते ते करून झाले, आता पेशंटला मोठ्या शहरात हलवा." मालेगाव असो, परभणी असो, मिरज असो की रत्नागिरी, आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांना हे वाक्य कधी ना कधी ऐकावे लागते, आणि बहुतेक वेळा रात्रीच. मग फोनाफोनी सुरू होते. मामू मुंबईतल्या ओळखीच्या डॉक्टरला फोन लावतात, मोहल्ल्यातली पोरे ॲम्ब्युलन्स शोधतात, कोणी पैशांची जुळवाजुळव करतो, अम्मी मुसल्यावर बसून दुआ मागत असते. तासाभरात व्हेंटिलेटरवरचा माणूस रस्त्याला लागतो. या प्रवासात त्याच्या शरीराचे काय होणार आहे, हे त्या घाईत कोणी समजावून सांगत नाही.

कोविडच्या दिवसांत 'एक्मो' हा शब्द आपल्या घरांपर्यंत पोहोचला. गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम 2020 मध्ये चेन्नईच्या रुग्णालयात अनेक आठवडे या मशीनवर होते, तेव्हा रोजच्या बातम्यांत हे नाव यायचे. पण बहुतेकांच्या मनात एवढेच राहिले की ते फार महागडे, शेवटचे मशीन आहे आणि फक्त मोठ्या शहरात मिळते. त्यातला एक भाग खरा आहे. पण ज्या रुग्णाला ते लागते तो बहुतेकदा प्रवास करण्याच्या अवस्थेत नसतो. म्हणून जगभरात आता एक वेगळी पद्धत रुळली आहे. मोठ्या केंद्राची टीम मशीन घेऊन लहान शहरातल्या आयसीयूत येते, तिथेच रुग्णाला मशीनवर घेते, आणि मग मशीन चालू ठेवूनच त्याला आपल्या रुग्णालयात नेते. भारतातही हे होते. मात्र त्यासाठी फोन वेळेवर जावा लागतो, आणि आमच्या मते सगळा घोळ तिथेच होतो.

एक्मो म्हणजे नेमके काय

व्हेंटिलेटर फुफ्फुसात हवा ढकलतो. पण फुफ्फुस आतून सुजलेले, पाण्याने भरलेले असेल तर हवा आत जाऊनही ऑक्सिजन रक्तात उतरत नाही. तेव्हा दाब वाढवावा लागतो, आणि तोच दाब फुफ्फुसाला आणखी इजा करतो. एक्मो इथे दुसरा रस्ता काढते. मांडीच्या किंवा मानेच्या मोठ्या शिरेत पेन्सिलीएवढी जाड नळी घालून रक्त शरीराबाहेर काढले जाते. एक पंप ते रक्त केसासारख्या बारीक पोकळ तंतूंच्या डब्याकडे ढकलतो. तंतूंच्या आतून ऑक्सिजन वाहतो, बाहेरून रक्त. तिथे रक्त ऑक्सिजन घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि दुसऱ्या नळीने शरीरात परत जाते. थोडक्यात, फुफ्फुसाचे काम शरीराबाहेर होते आणि आतल्या आजारी फुफ्फुसाला आराम मिळतो.

फक्त फुफ्फुस आजारी असेल तर रक्त शिरेतून घेऊन शिरेतच परत सोडतात. हृदयही थकलेले असेल, म्हणजे मोठ्या हार्ट ॲटॅकनंतर किंवा हृदयाच्या स्नायूला सूज आल्यावर, तर रक्त धमनीत सोडतात. तेव्हा मशीन हृदयाचेही काम उचलते. पहिल्या प्रकाराला डॉक्टर व्हीव्ही म्हणतात, दुसऱ्याला व्हीए. आपल्या माणसाला कोणता लागणार आहे हे विचारून घ्यावे, कारण दोन्हींचे धोके आणि आशा वेगवेगळ्या आहेत.

मोठ्या माणसात हा पंप मिनिटाला साधारण 4 ते 5 लिटर रक्त फिरवतो. शरीरात एकूण रक्तच सुमारे 5 लिटर असते. म्हणजे मिनिटभरात जवळजवळ सगळे रक्त एकदा बाहेर जाऊन येते. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे प्रवासात एवढी काळजी कशासाठी घेतात, ते यावरून कळेल.

ही कल्पना जुनी आहे. 1953 मध्ये अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन लावून हृदयाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. ते मशीन काही तासांपुरते होते. दिवसेंदिवस चालणारे मशीन पुढे आले. 1975 मध्ये कॅलिफोर्नियात डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी श्वास घेऊ न शकणाऱ्या एका नवजात मुलीला या मशीनवर ठेवले आणि ती वाचली. तिची आई परदेशातून आलेली गरीब बाई होती, बाळाला सोडून निघून गेली होती. रुग्णालयातल्या नर्सनी बाळाचे नाव ठेवले एस्पेरांझा. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ उम्मीद.

मशीन आजार बरा करत नाही, हे मात्र पक्के समजून घ्यावे. न्यूमोनियावर अँटिबायोटिक, हृदयावर औषधे किंवा शस्त्रक्रिया, हे वेगळेच. एक्मो फक्त वेळ मिळवून देते. ज्या आजारात मिळालेल्या वेळेचा काही उपयोगच नाही, त्यात मशीनचाही उपयोग नाही.

प्रवासातच जीव का जातो

इंग्लंडमध्ये 2001 ते 2006 या काळात 180 रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. तो 'सीझर' नावाने ओळखला जातो आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. फुफ्फुसे निकामी होत चाललेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना लेस्टरच्या ग्लेनफील्ड रुग्णालयातील एक्मो केंद्रात पाठवायचे ठरले, निम्म्यांवर नेहमीचेच उपचार सुरू राहिले. सहा महिन्यांनी केंद्राकडे पाठवलेल्यांपैकी 63 टक्के लोक गंभीर अपंगत्वाशिवाय जिवंत होते, दुसऱ्या गटात 47 टक्के. या अभ्यासाची चर्चा आजही होते, कारण केंद्राकडे पाठवलेल्या 90 पैकी प्रत्यक्ष एक्मो 68 जणांनाच लागले. बाकीच्यांतले बरेचसे त्या केंद्रात नुसत्या चांगल्या आयसीयू उपचारांनीच सुधारले.

आमच्या विषयासाठी त्यातली एक छोटी नोंद फार महत्त्वाची आहे. त्या रुग्णांना व्हेंटिलेटरवरच हलवले जात होते, एक्मो केंद्रात पोहोचल्यावर लावायचे होते. त्यांच्यापैकी तिघे निघण्याआधीच गेले आणि दोघे वाटेत गेले. इंग्लंडसारख्या देशात, तयार टीमसोबत असताना.

कारण साधे आहे. अशा रुग्णाचे फुफ्फुस एका ठरावीक दाबावर कसेबसे उघडे राहिलेले असते. खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना, आयसीयूचा व्हेंटिलेटर काढून ॲम्ब्युलन्सचा लावताना तो दाब दोन-चार सेकंद जरी सुटला, तरी फुफ्फुस मिटते आणि पुन्हा उघडायला कितीतरी वेळ लागतो. ऑक्सिजनची पातळी 88 वरून 60 वर येते. त्यात कसारा घाटात ट्रॅफिक लागला तर करायला काही उरत नाही.

महाराष्ट्रात 2014 पासून 108 ची सेवा सुरू आहे. सुरुवातीपासून त्यात 937 ॲम्ब्युलन्स होत्या, त्यातल्या 233 व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या. अपघात, बाळंतपण, हार्ट ॲटॅक यांत या सेवेने खूप लोकांना वाचवले आहे. पण एक्मोच्या दारापर्यंत आलेल्या रुग्णाला तीनशे किलोमीटर नेणे हे तिचे काम नाही. आणि खासगी ॲम्ब्युलन्सवर मोठ्या अक्षरात 'कार्डिॲक' लिहिलेले असते म्हणून आत तशी माणसे असतातच असेही नाही. आत बसणारा डॉक्टर कोण, त्याने व्हेंटिलेटरचे किती पेशंट हलवले आहेत, हे विचारायला संकोच करू नका. गाडीचे भाडे विचारतोच ना आपण?

मशीन येते कसे, रुग्ण जातो कसा

अमेरिकेच्या हवाई दलाच्या टेक्सासमधील विल्फर्ड हॉल रुग्णालयाने 1985 पासून एक्मोवरच्या बाळांना विमानाने हलवायला सुरुवात केली. स्वीडनमध्ये स्टॉकहोमचे कॅरोलिन्स्का रुग्णालय 1996 पासून हेच करत आहे, अगदी परदेशांतूनही रुग्ण आणते. या केंद्रांच्या अनुभवातून कामाची जी रीत ठरली, तीच साधारण सगळीकडे पाळली जाते.

आधी डॉक्टरांचे डॉक्टरांशी बोलणे होते. एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, व्हेंटिलेटरचे आकडे फोनवर पाठवले जातात. केंद्राने होकार दिला की टीम निघते. त्यात नळ्या घालणारा डॉक्टर, आयसीयूचा डॉक्टर, मशीन चालवणारा पर्फ्युजनिस्ट आणि या कामात मुरलेली नर्स, असे चार-पाच जण असतात. सोबत मशीन, नळ्यांचे दोन-दोन संच, औषधे, छोटी सोनोग्राफी. प्रवासासाठीची मशीन्स आता लहान झाली आहेत. कार्डिओहेल्प नावाचे एक मशीन सुमारे 10 किलोचे आहे आणि बॅटरीवर साधारण दीड तास चालते. पंप बंद पडलाच तर हाताने फिरवायचा दांडा सोबत असतोच. विहिरीचा रहाट फिरवावा तसा तो एकसारखा फिरवत राहायचा.

नळ्या गावातल्याच आयसीयूत घातल्या जातात. मशीन सुरू झाले की पंधरा-वीस मिनिटांत बऱ्याच रुग्णांचा रंग बदलतो, व्हेंटिलेटर हलका करता येतो. पण टीम लगेच निघत नाही. नळ्या टाक्यांनी पक्क्या करतात, पुन्हा तपासतात, रक्ताचा नमुना पाहतात, गरज असेल तर रक्ताच्या पिशव्या सोबत घेतात. बाहेर नातेवाईक घड्याळ बघत असतात आणि "अजून निघत का नाहीत" म्हणून चिडतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की हे दोन तास वाया जात नाहीत. रुग्ण मशीनवर स्थिर झाला की घाई संपलेली असते. मग ॲम्ब्युलन्सही सायरन वाजवत सुसाट जात नाही. सावकाश, धक्के चुकवत जाते.

सर्वात जोखमीचे अंतर कोणते? मुंबई-नाशिक महामार्ग म्हणाल तर नाही. खाटेवरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून लिफ्टमध्ये, लिफ्टमधून गाडीत, हे पन्नास-साठ पावलांचे अंतर. मिनिटाला पाच लिटर रक्त वाहणारी नळी कशात अडकून ओढली गेली, तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून एक माणूस फक्त नळ्या धरतो, दुसरे काही करत नाही. आणि उचलायची आज्ञा एकच जण देतो. त्या वेळी जिन्यात, दारात वीस नातेवाईक उभे असतील, कोणी पेशंटच्या कपाळावर हात ठेवायला पुढे येत असेल, कोणी मोबाइलवर शूटिंग करत असेल, तर आपणच आपल्या माणसाचा धोका वाढवत असतो. अयादत सुन्नत आहे, पण ती नंतरही होते.

लिफ्टचेही पाहा. आपल्या लहान शहरांतली बरीच रुग्णालये निवासी इमारतींत आहेत, लिफ्ट चार माणसांची. स्ट्रेचर, मशीन, सिलिंडर आणि तीन माणसे त्यात मावत नाहीत. टीम निघायच्या आधी लिफ्टचे माप विचारून घेते ते यासाठी. वॉर्डबॉयला टेप देऊन माप घ्यायला सांगा, फोटो पाठवा. एवढी मदत घरचा कोणीही करू शकतो.

ऑक्सिजनचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. समजा मशीनला मिनिटाला 5 लिटर आणि व्हेंटिलेटरला 8 लिटर लागतो. म्हणजे मिनिटाला 13, तासाला 780 लिटर. ॲम्ब्युलन्समध्ये दिसणाऱ्या बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर असतो, म्हणजे एक सिलिंडर दोन तासांच्या आतच संपतो. मालेगावहून मुंबई साधारण 280 किलोमीटर. सावकाश गाडी आणि भिवंडीजवळचा ट्रॅफिक धरून सहा तास लागले तर 4680 लिटर हवा. वाटेत अडकलो तर काय, म्हणून लागेल त्याच्या दुप्पट नेण्याची पद्धत आहे. म्हणजे नऊ हजारांहून जास्त, असे सहा-सात सिलिंडर किंवा सुमारे 7000 लिटरचा एक मोठा डी टाइप आणि वर दोन लहान. "ऑक्सिजन आहे ना?" एवढे विचारून भागत नाही. "किती लिटर आहे, किती तास पुरेल?" असे विचारावे.

विमान नेहमी चांगलेच असते का?

पैसेवाल्या घरांत पहिला प्रश्न येतो, एअर ॲम्ब्युलन्स बोलवू का? साधारण 400 किलोमीटरपर्यंत रस्ताच बरा, असे या क्षेत्रातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. विमानाने जायचे म्हणजे रुग्णालयातून गाडीत, गाडीतून विमानात, पुन्हा गाडीत, पुन्हा खाटेवर. वर सांगितलेली जोखमीची पावले दुप्पट होतात. शिवाय विमानाच्या आतला दाब 6000 ते 8000 फूट उंच डोंगरावर असतो तेवढाच असतो. त्या दाबाला शरीरात अडकलेली हवा पाव ते तिसऱ्या हिश्शाने फुगते. फुफ्फुसाबाहेर थोडीशी हवा साचलेली असेल तर तीच वर गेल्यावर घातक ठरते. म्हणून उडायच्या आधी ती नळी घालून काढावी लागते. सगळे नीट तयार असेल तर लांबच्या अंतरासाठी विमानच योग्य. मात्र तीन तासांच्या रस्त्यासाठी विमानाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

ऑक्टोबर 2020 मध्ये राज्यसभेचे खासदार अभय भारद्वाज यांना कोविडनंतर एक्मोवर असतानाच राजकोटहून विमानाने चेन्नईला नेले होते. प्रवास पार पडला. पण 1 डिसेंबर 2020 रोजी त्यांचे निधन झाले. प्रवास सुखरूप होणे आणि रुग्ण वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरच्यांनी दोन्हींचा विचार वेगवेगळा करायला हवा.

कोणासाठी, आणि कधी

जगभरातल्या नोंदी पाहिल्या तर फुफ्फुसांसाठी एक्मोवर घेतलेल्या मोठ्या माणसांपैकी दहातले साधारण सहा जण रुग्णालयातून घरी जातात. हृदयासाठी घेतलेल्यांत निम्म्याहून थोडे कमी. हृदय बंद पडून मसाज चालू असतानाच मशीन लावले तर तिघांत एक. कोविडच्या पहिल्या लाटेतल्या 1035 रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदीत 90 दिवसांतला मृत्यूदर सुमारे 37 टक्के निघाला होता. हे सगळे अनुभवी केंद्रांचे आणि निवडलेल्या रुग्णांचे आकडे आहेत. यात 'निवडलेले' हा शब्द मोठा आहे.

आजार परत फिरण्यासारखा असेल, रुग्णाचे बाकीचे अवयव बऱ्यापैकी चालत असतील, व्हेंटिलेटरवर जास्त दाबाचे दिवस अजून थोडे झाले असतील, तर मशीनचा फायदा. जास्त दाबावर सात दिवस उलटले की आशा उतरू लागते. शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर, मेंदूतला मोठा रक्तस्राव, कायमची झिजलेली फुफ्फुसे अशा रुग्णांत अनुभवी डॉक्टर सहसा नाही म्हणतात. त्यांचे 'नाही' हे पैशासाठी किंवा आपल्या नावासाठी नसते. ज्याला त्रासाशिवाय काहीच मिळणार नाही त्याला तो त्रास न देणे हाही उपचारच आहे.

म्हणूनच फोन लवकर करा असे आम्ही म्हणतो. व्हेंटिलेटर लावून दोन दिवस झाले, ऑक्सिजन 80 टक्क्यांच्या वर ठेवूनही सुधारणा नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना अदबीने विचारा, "डॉक्टरसाहेब, एक्मो केंद्राशी एकदा बोलून घेता का?" बोलणे म्हणजे हलवणे नव्हे. पुष्कळदा केंद्रातला डॉक्टर फोनवर दोन सूचना देतो आणि रुग्ण तिथेच सुधारतो. प्रत्येक एक्मो केंद्राकडे अशी बाहेर जाणारी टीम नसते. त्यामुळे पहिला प्रश्न "तुमच्याकडे एक्मो आहे का" हा नसावा. "तुमची टीम इकडे येऊन लावू शकते का" असे विचारावे.

आणखी एक प्रश्न विचाराच: "पालथे झोपवून पाहिले का?" व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला दिवसातून सोळा तास पालथे ठेवल्याने फुफ्फुसाचा मागचा भाग उघडतो. फ्रान्स आणि स्पेनमधील रुग्णालयांत झालेला, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला 466 रुग्णांचा अभ्यास आहे. त्यात पालथे ठेवलेल्यांपैकी 28 दिवसांत 16 टक्के दगावले, उताणे ठेवलेल्यांपैकी जवळपास 33 टक्के. याला मशीन लागत नाही, चार-पाच शिकवलेली माणसे लागतात. लाखोंच्या मशीनच्या आधी ही गोष्ट झालेली असली पाहिजे.

हेपरिन, परदा आणि इतर प्रश्न

रक्त नळ्यांत गोठू नये म्हणून एक्मोवर सतत हेपरिन द्यावे लागते. हे औषध बहुतेक ठिकाणी डुकराच्या आतड्यापासून बनते. काही घरांत हे ऐन वेळी कानावर येते आणि गोंधळ उडतो, म्हणून आधीच माहीत असलेले बरे. मक्केतील राबिता-ए-आलम-ए-इस्लामीच्या फिकह परिषदेने 2003 मध्ये याच औषधाचा विचार केला होता. हलाल पर्याय उपलब्ध नसेल तर गरजेपुरते ते वापरता येते, असा तो निर्णय. बायव्हॅलिरुडिन नावाचे कृत्रिमरीत्या बनवलेले पर्यायी औषध आहे, काही केंद्रे ते वापरतात, पण ते महाग आहे आणि सगळीकडे नसते. मनात शंका असेल तर डॉक्टरांना पर्याय विचारा, आपल्या विश्वासाच्या आलिमांना फोन करा. मात्र रुग्ण खाली जात असताना या प्रश्नावर रात्र घालवू नका.

बाई रुग्ण असेल तर नळ्या मांडीच्या मुळाशी घालतात म्हणून घरचे अवघडतात. महिला नर्स हजर ठेवा, चादर ठेवा, असे सांगता येते आणि चांगल्या टीम ते ऐकतातही. टीममध्ये महिला डॉक्टर असेलच असे नाही, आणि जिवावर बेतले असताना या बाबतीत शरीयतमध्ये सवलत आहे.

पैशांचे बोलू. नळ्या आणि डब्याच्या संचाचाच खर्च लाखांत जातो, नंतर आयसीयूचे रोजचे बिल वेगळे, आणि एक्मोचे दिवस दोन-चार नसतात. फुफ्फुसांसाठी दहा-बारा दिवस सहज लागतात, कोविडमध्ये महिना-दीड महिनाही लागला. निघण्याआधीच लेखी अंदाज मागा आणि त्यात टीमच्या येण्या-जाण्याचा खर्च आहे का ते पाहा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ही योजना घालून दिली. मुंबई-पुण्यातली अनेक नामवंत रुग्णालये या यादीत आहेत. रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि आधार कार्ड पेशंटसोबतच्या पिशवीत असू द्या, आणि रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते, काय नाही, ते तिथला आरोग्यमित्र सांगतो. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही तिथूनच मार्गी लागतो. जकात आणि जमातीची मदत मिळते, आपल्या लोकांनी याबाबतीत कधी हात आखडता घेतलेला नाही. पण घर गहाण टाकायच्या आधी डॉक्टरांना सरळ विचारा, "हा तुमचा भाऊ असता तर तुम्ही नेला असता का?" उत्तर द्यायला ते थांबले तर ते थांबणेही ऐका.

मशीन बंद करायची वेळ

रक्तस्राव, गुठळी, जंतुसंसर्ग, मेंदूला इजा, व्हीए मध्ये पायाचा रक्तपुरवठा तुटणे, हे सगळे मशीनवर असताना होऊ शकते. आणि कधी असा दिवस येतो की मशीन चालते आहे, पण माणूस परतणार नाही हे स्पष्ट होते. मशीनवर ठेवण्याची सही करतानाच हा प्रश्न घरात बोलून घ्यावा. किती दिवस पाहायचे, कोणती लक्षणे दिसली की थांबायचे, हे डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावे.

जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ऑक्टोबर 1986 मध्ये अम्मानच्या बैठकीत ठराव केला. त्यानुसार मेंदूचे सगळे काम कायमचे थांबले आहे असे जाणकार डॉक्टरांनी ठरवले, तर यंत्राच्या जोरावर हृदय चालू असले तरी ते यंत्र काढणे जायज आहे. भारतातल्या उलेमांमध्ये मेंदूमृत्यूला मृत्यू मानण्यावर मतभेद आहेत, म्हणून आपल्या मौलानांशी बोलताना डॉक्टरांचा लेखी रिपोर्ट समोर ठेवा, नुसते ऐकीव सांगू नका. कायद्याच्या बाजूने, सुप्रीम कोर्टाने 9 मार्च 2018 च्या निकालात उपचार थांबवण्याची रीत घालून दिली आणि जानेवारी 2023 मध्ये ती सोपी केली. तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे मत देतात, कुटुंबाची संमती घेतात. रात्री कोणीतरी गुपचूप स्विच बंद करतो, असे ते नसते.

घरातले सगळे भाऊ, जावई, चाचा वेगवेगळे येऊन डॉक्टरांना विचारू लागले तर प्रत्येकाला वेगळे ऐकू येते आणि मग आपसात भांडणे होतात. एक माणूस ठरवा, शक्यतो शांत स्वभावाचा. तो रोज एका वेळी बोलेल, वहीत लिहील आणि संध्याकाळी सगळ्यांना सांगेल. रुग्णाची बायको किंवा आई यांना त्यातून वगळू नका. आपल्याकडे ते फार होते.

आणि जे वाचतात त्यांचेही थोडे. मशीन निघाले म्हणजे माणूस दुसऱ्या दिवशी चालू लागत नाही. तीन आठवडे पडून राहिलेल्याचे स्नायू इतके झिजतात की चमचा धरता येत नाही. हाता-पायांना मुंग्या, रात्री दचकून उठणे, विसरभोळेपणा, हे काही महिने राहू शकते. गळ्यात श्वासासाठी केलेले छिद्र भरायला वेळ लागतो. अशा रुग्णाला महागड्या केंद्रात पडून ठेवायची गरज नसते. नळ्या निघून तो स्थिर झाला की गावाजवळच्या रुग्णालयात परत नेता येते, आणि हा परतीचा प्रवास साध्या ॲम्ब्युलन्सने, एका सिलिंडरवर होतो. केंद्राशी पहिल्या दिवशी बोलताना हेही विचारून ठेवा, आणि गावातल्या ज्या डॉक्टरने रात्री फोन उचलून टीमला बोलावले होते, त्याच्याकडेच पुढची फिजिओथेरपी आणि तपासण्या चालू ठेवा.